बाटलीपासून टाकीपर्यंत : पेनिसिलिनच्या स्केल-अपचं प्रकरण

१९४३ साली अमेरिकेत वर्षभरात पेनिसिलिन बनलं ते २,१०० कोटी युनिट. आकडा मोठा वाटतो, पण शुद्ध पेनिसिलिन-जीचं एक युनिट म्हणजे जेमतेम ०.६ मायक्रोग्रॅम. म्हणजे अख्ख्या देशाचं वर्षाचं उत्पादन साडेबारा किलोच्या आसपास, एका माणसाला खांद्यावर नेता येईल एवढं. १९४४ मध्ये ते १,६६,३०० कोटी युनिट झालं, म्हणजे जवळपास एक टन. १९४५ मध्ये ६,८०,००० कोटींच्या वर, म्हणजे चार टन. दोन वर्षांत तीनशे पटींहून जास्त.

ही वाढ 'जास्त कारखाने काढले' एवढ्यानं झालेली नाही. प्रयोगशाळेतली प्रक्रिया मोठी करताना, म्हणजेच स्केल-अपमध्ये, एकेक गुणोत्तर बिघडत जातं, आणि पुढचा अडथळा मागच्यापेक्षा वेगळ्या जातीचा असतो. इथे आधी पृष्ठभाग कमी पडला, मग ऑक्सिजन, मग थंडावा, मग निर्जंतुकपणा आणि शेवटी वेळ. स्केल-अपचं मॉडेल म्हणजे काय हे शिकायला याहून चांगलं प्रकरण आमच्या माहितीत नाही, म्हणून ते आकड्यांसकट मांडत आहोत. जिथे आकडा ऐतिहासिक नोंदीतला नसून आमचा हिशेब आहे, तिथे गृहीतकं सोबत दिली आहेत.

सुरुवातीची परिस्थिती

अलेक्झांडर फ्लेमिंगनी १९२८ मध्ये बुरशीचा परिणाम पाहिला, पण औषध म्हणून ते उभं केलं ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी. २५ मे १९४० ला आठ उंदरांना मारक मात्रेत स्ट्रेप्टोकोकाय टोचले आणि त्यातल्या चारांना पेनिसिलिन दिलं. ते चार वाचले, बाकीचे मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये पहिला रुग्ण, एक पोलीस, बरा होऊ लागला होता. औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच दिलं, तरी पुरलं नाही, आणि मार्चमध्ये तो गेला. औषध काम करतं हे कळलेलं असताना, केवळ मात्रा नाही म्हणून, माणूस हातचा गेला. पुढच्या तीन वर्षांची घाई समजून घ्यायची तर हे आधी लक्षात ठेवावं लागतं.

उत्पादन पृष्ठभागावर होत होतं. बुरशीला हवा लागते, म्हणून द्रवाचा थर दीड-दोन सेंटिमीटरच ठेवायचा आणि त्यावर बुरशीची साय धरू द्यायची. हीटलींनी यासाठी चिनी मातीची चपटी भांडी खास बनवून घेतली. यील्ड, म्हणजे द्रवात तयार होणारं पेनिसिलिन, मिलिलिटरला एक ते दोन युनिट. सेप्सिसच्या एका रुग्णापुरतं शुद्ध औषध मिळवायला सुमारे २,००० लिटर द्रव लागत असे.

आता हीच पद्धत वाढवायची तर भांड्यांची संख्या वाढवणं एवढाच मार्ग उरतो. २८,००० लिटर द्रव दोन सेंटिमीटरच्या थरात पसरायचा तर १,४०० चौरस मीटर क्षेत्रफळ लागतं. एकेक लिटरच्या बाटल्या म्हटल्या तर २८,००० बाटल्या, आणि त्यातली प्रत्येक धुवायची, भरायची, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक) करायची, बीजाणू टाकायचे, आठवडाभर ठेवायची, रिकामी करायची. उत्पादन दुप्पट करायचं तर माणसंही दुप्पट. अशा वाढीत मॉडेल लागत नाही, कारण कोणतंच गुणोत्तर बदलत नाही. धोका कमी आणि खर्च मात्र कधीच न उतरणारा. ब्रिटनमध्ये ग्लॅक्सोनं आणि अमेरिकेतही अनेकांनी युद्धकाळात बाटल्यांवरच काम चालवलं. त्याला चूक म्हणता येणार नाही, त्या घडीला खात्रीचं तेवढंच होतं.

टाकीच्या आधी : द्रव तोच, औषध जास्त

जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पोहोचले आणि काम इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत गेलं. हा मक्याचा मुलूख. मक्याचा स्टार्च काढताना उरणारं भिजवणीचं पाणी आटवून 'कॉर्न स्टीप लिकर' नावाचा दाट द्रव मिळतो. तो तिथे जवळजवळ टाकाऊ होता. अँड्र्यू मॉयर यांनी तो माध्यमात घातला, साखरेऐवजी लॅक्टोज वापरलं आणि यील्ड दसपटीच्या घरात वाढलं.

लॅक्टोज का, हे नीट समजून घ्यायला हवं. ग्लुकोज मिळालं की बुरशी भराभर वाढते, पण त्या काळात पेनिसिलिन बनवत नाही. लॅक्टोज ती सावकाश पचवते, त्यामुळे उपाशी मरतही नाही आणि पोटभर मिळून सुस्तही होत नाही. या अर्धपोटी अवस्थेत औषध बनतं. १९५० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये दिसलं की ग्लुकोजच थेंबाथेंबानं सोडलं तरी हाच परिणाम मिळतो, आणि तिथून 'फेड-बॅच', म्हणजे खाद्य हळूहळू सोडत राहण्याची पद्धत, रूढ झाली.

तिसरी गोष्ट बुरशीची जात. फ्लेमिंगची जात द्रवात बुडवली की फारसं काही देत नसे. केनेथ रेपर यांच्या गटानं शेकडो नमुने तपासले. १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या बुरसटलेल्या खरबुजावरून मिळालेली 'एनआरआरएल १९५१' जात सरस ठरली. तिच्यातून निवडलेला प्रकार बुडीत वाढीत मिलिलिटरला २५० युनिटपर्यंत गेला. क्ष-किरणांनी बदललेला 'एक्स-१६१२' ५०० च्या आसपास, आणि विस्कॉन्सिनला अतिनील किरणांनी मिळवलेला 'क्यू-१७६' ९०० च्या आसपास.

इथे एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. २ वरून २०० युनिटवर जाणं म्हणजे टाकी, पाणी, वाफ, सॉल्व्हंट (औषध विरघळवून वेगळं काढायचा द्रव) आणि मजुरी यातलं काहीही न वाढवता शंभरपट उत्पादन. आधी सांद्रता वाढवा, आकारमान नंतर. हा क्रम उलटा केला की निकृष्ट यील्डचा ब्रॉथ (बुरशी वाढलेला द्रव) मोठ्या टाकीत भरून बसतो, आणि गाळणी, सॉल्व्हंट, थंडावा सगळंच शंभरपट मोठं बांधावं लागतं. जातीला सांभाळणंही याच खात्यातलं काम. ताटलीवरून ताटलीवर वारंवार नेत गेलं की चांगली जात उतरते. म्हणून मूळ बीजाणू वाळवून ठेवायचे आणि प्रत्येक बॅचची सुरुवात त्या साठ्यापासून मोजक्याच पायऱ्यांत करायची.

टाकीत हवा कशी पोचवायची

ब्रुकलिनच्या फायझर कंपनीकडे सायट्रिक आणि ग्लुकॉनिक आम्ल किण्वनानं बनवण्याचा अनुभव होता. जॅस्पर केन, जॉन मॅकीन आणि जॉन स्मिथ यांनी बुडीत पद्धतीवर पैसा लावायचं ठरवलं. १९४३ मध्ये एक जुना बर्फाचा कारखाना घेतला आणि १ मार्च १९४४ ला तिथे ७,५०० गॅलनच्या, म्हणजे सुमारे २८,००० लिटरच्या १४ टाक्या सुरू झाल्या. अशाच खोल टाक्यांच्या कारखान्याची आखणी करण्यात रासायनिक अभियंत्या मार्गारेट हचिन्सन रूसो यांचा वाटा मोठा होता.

एका टाकीचा हिशेब पाहू. फेसासाठी जागा सोडून २१,००० लिटर ब्रॉथ, यील्ड १०० युनिट धरलं तर एका बॅचला २१० कोटी युनिट. अशा दहा बॅच म्हणजे १९४३ चं अख्ख्या अमेरिकेचं उत्पादन.

पण एक लिटरवरून २८,००० लिटरवर जाताना लांबी-रुंदी ३० पट वाढते आणि दर लिटरमागचा पृष्ठभाग ३० पट घटतो. वरून हवा मिळण्याची आशाच सोडायची. हवा खालून सोडावी लागते आणि ढवळून तिचे बारीक बुडबुडे करावे लागतात. २५ अंशांना हवेशी समतोलात असलेल्या माध्यमात लिटरला फार तर ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. आजच्या जोमदार जातीची दाट वाढ तासाला लिटरमागे सुमारे एक ग्रॅम खाते. म्हणजे हवा बंद पडली तर विरघळलेला साठा २५ सेकंदांत संपतो! साखरेसारखा ऑक्सिजन आधीच घालून ठेवता येत नाही. तो अखंड पोचवावा लागतो.

हा पुरवठा मोजायचं परिमाण म्हणजे के-एल-ए, बुडबुड्यातून द्रवात ऑक्सिजन जाण्याचा वेगांक. १९४४ मध्येच कूपर आणि सहकाऱ्यांनी सल्फाइटच्या द्रावणात तो मोजून ढवळण्याच्या पॉवरशी जोडला. आज वापरात असलेल्या सूत्रांत दर घनमीटर पॉवरचा घात ०.४ ते ०.७ आणि वायूच्या वेगाचा ०.२ ते ०.५ असतो. याचा रोखठोक अर्थ असा की मोटरची पॉवर दुप्पट केली तर के-एल-ए ३० ते ६० टक्केच वाढतो. शिवाय ही सूत्रं पाण्यासारख्या द्रवांची आहेत. बुरशीचे धागे वाढले की ब्रॉथ लापशीसारखा होतो, इंपेलरजवळ (ढवळणीच्या पात्यांजवळ) पातळ आणि भिंतीजवळ घट्ट, आणि के-एल-ए कोसळतो. मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत (आजची आयसीटी) ज्येष्ठराज जोशी, अनिरुद्ध पंडित आणि मनमोहन शर्मा यांनी १९८२ मध्ये ढवळलेल्या वायू-द्रव रिअॅक्टरांचा जो आढावा घेतला, तो या सूत्रांच्या मर्यादा समजून घ्यायला आजही उपयोगी पडतो.

आता खरी कोंडी. ८० लिटरची टाकी त्याच आकाराच्या १०,००० लिटरच्या टाकीत न्यायची आहे. आकारमान १२५ पट, लांबी ५ पट.

दर लिटर पॉवर तीच ठेवली, तर इंपेलरचे मिनिटाचे फेरे ३४ टक्क्यांवर येतात, इंपेलरच्या टोकाचा वेग १.७ पट होतो आणि द्रव एकजीव व्हायला तिप्पट वेळ लागतो. मिसळण्याचा वेळ तोच ठेवायचा म्हटलं, तर फेरे तेच हवेत, आणि दर लिटर पॉवर २५ पट, एकूण ३,१२५ पट. लहान टाकीला १६० वॉट लागत असतील तर मोठीला ५०० किलोवॉटची मोटर! ती कोणी बसवणार नाही. धागे तुटू नयेत म्हणून टोकाचा वेग तोच ठेवला, तर दर लिटर पॉवर पाचव्या हिश्श्यावर येते आणि बुरशी गुदमरते. हवेचं म्हणाल तर दर मिनिटाला द्रवाच्या आकारमानाइतकी हवा हा नियम तसाच ओढला की टाकीच्या छेदातून जाणारा वायूचा वेग पाचपट होतो. इंपेलर बुडबुड्यातच फिरू लागतो, मोटरचे अँपिअर एकदम उतरतात आणि फेस झाकणातून बाहेर येतो.

सगळी गुणोत्तरं सांभाळता येतील असा उपाय अस्तित्वात नाही. म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहावं : आपण कोणतं गुणोत्तर धरून ठेवतोय आणि कोणतं सोडतोय. पेनिसिलिनसाठी के-एल-ए किंवा दर लिटर पॉवर धरतात, मिसळण्याचा वेळ सोडतात, आणि सोडल्याची किंमत पुढे मोजतात. हे पान कोरं ठेवून पोलाद कापायला घेतलेले प्रकल्प बहुधा याच जागी अडकतात.

थंडावा

बुरशीनं खाल्लेल्या प्रत्येक ग्रॅम ऑक्सिजनमागे सुमारे १४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. वरच्या वेगानं ती घनमीटरला ४ किलोवॉट, आणि ढवळण्याची २ किलोवॉट धरली की एकूण ६. उंची व्यासाच्या दुप्पट धरली तर २८,००० लिटरच्या टाकीचा व्यास २.६ मीटर आणि ब्रॉथनं भिजलेली भिंत सुमारे ३२ चौरस मीटर. दाट ब्रॉथमधून जॅकेटकडे (भिंतीबाहेरच्या थंड पाण्याच्या आवरणाकडे) चौरस मीटरला, दर अंश फरकामागे ३०० वॉट जातात असं धरू. ब्रॉथ २५ अंशांवर, थंड पाणी सरासरी १२ वर. जॅकेट १२५ किलोवॉट काढतं, आणि काढायचेत १२६. जेमतेम जमलं.

तीच टाकी एक लाख लिटरची केली तर काढायची उष्णता ४५० किलोवॉट आणि जॅकेटची क्षमता २९०. आत थंड पाण्याच्या नळीचं वेटोळं, म्हणजे कॉइल, घालावीच लागते. ती घातली की कोपरे वाढतात, कोपऱ्यात गाळ बसतो, आणि प्रत्येक वेल्ड ही गळतीची संभाव्य जागा होते.

१९४३ मध्ये बर्फाचाच कारखाना घेणं म्हणूनच शहाणपणाचं होतं. युद्धात शीतयंत्रं मिळत नव्हती आणि तिथे ती आधीच बसवलेली होती. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, युनिसेफची यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेचं तांत्रिक साहाय्य घेऊन, आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुण्याच्या उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणी २५ अंशांखाली उतरत नाही, म्हणजे त्यानं २५ अंशांवरची टाकी थंड होऊच शकत नाही. थंड मुलखात वर्षाचे कित्येक महिने नदीच्या पाण्यावर भागतं. आपल्याकडे चिलर आणि त्याची वीज हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावी लागते. तंत्रज्ञान आणताना यंत्राबरोबर मूळ जागेचं हवामानही गृहीत धरलेलं असतं, आणि ते कोणत्याच आराखड्यात वेगळं लिहिलेलं नसतं.

एक जंतू पुरे

काही जीवाणू पेनिसिलिनेज नावाचं एन्झाइम सोडतात आणि पेनिसिलिन फोडतात. सायट्रिक आम्लाच्या टाकीत आम्लताच परक्या जंतूंना दूर ठेवते. इथे माध्यम उदासीनच्या जवळ, पौष्टिक आणि कोमट. २८,००० बाटल्यांतली एक नासली तर एक बाटली जाते. टाकी नासली तर टाकी जाते.

मिलिलिटरला एक लाख जंतू धरले तर एक लिटर माध्यमात दहा कोटी. हजारात एकच बॅच नासावी असं ठरवलं तर ही संख्या दहाच्या ११ घातांनी खाली आणावी लागते. २१,००० लिटरला १५.३ घात. १२१ अंशांना चिवट बीजाणू दहापट घटायला दीड मिनिट धरलं तर १६.५ मिनिटांच्या जागी २३ मिनिटं. फरक किरकोळ वाटतो, पण मोठी टाकी तापायला आणि निवायला लागणारा वेळ यात नाही. त्या वेळात साखर आणि प्रथिनं एकमेकांत शिजतात, माध्यम काळपट होतं आणि यील्ड पडतं. 'लहान टाकीत हेच माध्यम चाललं होतं' ही तक्रार आली की पहिली शंका इथे घ्यावी. उपाय : साखर वेगळी निर्जंतुक करून नंतर मिसळणं, किंवा माध्यम वाहत्या नळीतून जास्त तापमानाला थोडाच वेळ नेणं.

हवेचा हिशेब याहून कठीण. मिनिटाला २१,००० लिटर, सहा दिवस : सुमारे १,८१,००० घनमीटर. घनमीटरला हजार सूक्ष्मजीव धरले तर १८ कोटी, आणि त्यातला एकही आत जाता कामा नये. फिल्टरचं भरण कोरडं राहिलं पाहिजे; कॉम्प्रेसरमधून पाणी आलं की ते ओलं होतं आणि जंतू त्यातून वाट काढतात. ढवळणीच्या दांड्याचं सील आणि नमुन्याचे व्हॉल्व्ह यांच्यावर वाफ ठेवायची, आणि टाकीत नेहमी किंचित जास्त दाब, म्हणजे गळती झालीच तर बाहेरच्या दिशेनं.

फेस हाही निर्जंतुकतेचाच प्रश्न आहे. तो बाहेर जाणाऱ्या हवेच्या नळीत चढून तिचा फिल्टर भिजवतो. तेल घालून दाबता येतो, पण तेल जास्त झालं की बुडबुडे एकमेकांत मिसळतात आणि के-एल-ए उतरतो.

काढणी : इथे घड्याळ मोठं होतं

पेनिसिलिन पाण्यातून सॉल्व्हंटमध्ये न्यायचं तर पीएच २ ते २.५ वर आणावा लागतो, आणि तिथेच ते तुटतं. पीएच २ आणि २४ अंशांना निम्मं पेनिसिलिन जेमतेम १८-२० मिनिटांत नाहीसं होतं. प्रयोगशाळेत १०० मिलिलिटर दोन मिनिटांत हलवून वेगळं करता येतं. २१,००० लिटरमध्ये आम्ल ओतून थर वेगळे व्हायची तासभर वाट पाहिली तर ९० टक्के औषध गटारात. रसायनशास्त्र तेच, पात्रही तसंच, बदलला तो फक्त वेळ.

म्हणून अख्खी टाकी कधीच आम्ल करायची नाही. ब्रॉथ गाळून ५ अंशांच्या आसपास थंड करायचा, वाहत्या नळीत आम्ल आणि अमिल किंवा ब्युटिल अॅसिटेट मिसळायचं, आणि लगेच अपकेंद्री यंत्रात थर वेगळे करायचे. पोडबिल्नियाक यंत्रं या कामी आली. मग सॉल्व्हंटमधून पुन्हा उदासीन पाण्यात. ही उलट काढणीची कल्पना हीटलींची. प्रथिनांमुळे दोन्ही थरांचं लोणी होतं, त्यासाठी इमल्शन फोडणारं द्रव्य लागतं. त्याचं प्रमाण दर बॅचला बदलतं, कारण कॉर्न स्टीप लिकर दर खेपेला वेगळं येतं.

आज हेच काम कसं करावं

१९४४ च्या अभियंत्यांकडे गणिती मॉडेल फारसं नव्हतं. अनुभव आणि मोजमाप होतं. १९८० मध्ये बाजपाई आणि रॉयस यांनी वाढ, साखर, ऑक्सिजन आणि पेनिसिलिन एकत्र बांधणारं मॉडेल दिलं. साखर जास्त झाली की उत्पादन दबतं आणि बनलेलं पेनिसिलिन हळूहळू तुटतं, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. फीडचा, म्हणजे साखर सोडत राहण्याचा, वेग ठरवायला ते चांगलं. पण ते टाकी एकजीव आहे असं मानतं, आणि मोठी टाकी तशी नसते.

वरदार आणि लिली यांनी १९८२ मध्ये ऑक्सिजन मुद्दाम वरखाली करून पाहिला. तो संपृक्ततेच्या सुमारे ३० टक्क्यांखाली गेला की पेनिसिलिनचा वेग घटतो, १० टक्क्यांखाली जवळपास थांबतो. वर सोडून दिलेल्या मिसळण्याच्या वेळाची किंमत ती हीच. मोठ्या टाकीत बुरशीचा धागा इंपेलरपासून दूर जाऊन परत येईपर्यंत अर्धा-एक मिनिट जाऊ शकतो, आणि आपण पाहिलं की साठा २५ सेकंदांचा आहे.

म्हणून मोठी टाकी बांधण्याआधी ती लहान्यात उभी करावी. दोन पात्रं घ्या : एक १० लिटरचं, नीट हवा दिलेलं, दुसरं एक लिटरचं, हवा न दिलेलं. पंपानं ब्रॉथ दोन्हींत फिरवत ठेवा, असा की हवेविना पात्रातला मुक्काम मोठ्या टाकीच्या हिशेबी फेऱ्याइतका होईल. साखरेचं फीड एकदा हवेच्या पात्रात सोडा, एकदा दुसऱ्यात. दुसऱ्यात सोडल्यावर यील्ड पडलं, तर मोठ्या टाकीत फीडची नळी द्रवाच्या पृष्ठभागावर सोडायची नाही, इंपेलरच्या तोंडाशी न्यायची; आणि एक टोक पुरत नसेल तर दोन-तीन ठिकाणी. हा प्रयोग सहा दिवस पूर्ण चालवा. पहिल्या दोन दिवसांत ब्रॉथ पातळ असतो आणि सगळंच ठीक दिसतं. बिघाड तिसऱ्या दिवसानंतर, धागे दाटले की दिसतो.